शालिग्राम मास्टरांची मोरपंखी

सुरतेच्या गोडादऱ्यात शालिग्राम वाडीलेंच्या घरी रविवारी दुपारी सहसा कोणी फिरकत नसे. सुंदराबाईंच्या हातचा चहा उत्तम, भज्यांना नाव ठेवायला जागा नाही. पण कप हातात पडतो न पडतो तोच मास्टर टीव्ही लावत, आणि पाहुण्याची परीक्षा सुरू होई.

टीव्हीखालच्या फळीवर तीन यंत्रं एकावर एक रचलेली होती. तळाला कॅसेटचा व्हीसीआर, त्यावर डीव्हीडीचा प्लेअर आणि सगळ्यांत वर मुलानं, योगराजनं, हल्लीच आणून दिलेलं ब्लू-रेचं यंत्र. तिन्हींतून मास्टर एकच सिनेमा दाखवत. पुरा सिनेमा नव्हे, त्यातलं एक गाणं. गाण्यातही दुसऱ्या कडव्यातली ती एक जागा, जिथं नायिका नदीच्या घाटावर गर्रकन वळते आणि तिच्यामागं चोवीस जणी तसल्याच साड्यांत वळतात. तिथं चित्र थांबवायचं आणि पाहुण्याकडं वळायचं.

"सांगा. साडीचा रंग कोणता?"

"निळा?" पाहुणा भीतभीत म्हणे.

"निळा! अहो, डोळ्यांच्या जागी सदऱ्याची बटणं शिवून घ्या. तेवढंच दिसेल."

दुसरा कोणी धीर करून हिरवा म्हणाला, तर त्याला विचारत, "लग्नात बायकोचा चेहरा तरी नीट दिसला होता का?" सुंदराबाई आतून भांडी जोरात आपटत. मास्टर तेवढ्यानं थांबणारे नव्हते.

मास्टर ही पदवी त्यांना कोणा शाळेनं दिली नव्हती. अमळनेर तालुक्यातून बाविसाव्या वर्षी सुरतेला आलेला हा माणूस पांडेसऱ्याच्या एका डाइंग-प्रिंटिंग मिलमध्ये रंगाचे डबे धुवायला लागला आणि दहा वर्षांत रंग जुळवणारा मास्टर झाला. व्यापारी कापडाचा तुकडा आणून टाके, "असा रंग पाहिजे" म्हणे, आणि शालिग्राम त्या तुकड्याकडं एकदा बघून कुठला रंग किती घ्यायचा ते सांगे. बाकीचे मास्टर चार-चार नमुने काढून बघत. शालिग्राम त्यांना हसे. नजर नसलेल्या माणसानं कांदे विकावेत, असं तो उघड म्हणे.

चौऱ्याण्णव साली बाजारातला एक व्यापारी सिनेमाच्या ड्रेसवाल्याला घेऊन मिलमध्ये आला. गाण्यासाठी पंचवीस साड्या हव्या होत्या, सगळ्या एका रंगाच्या. ड्रेसवाल्यानं कॅलेंडरचं एक फाटलेलं पान पुढं केलं, त्यावर मोर. "याच्या मानेसारखा," तो म्हणाला. शालिग्रामनं अकरा नमुने काढले. आयुष्यात त्याला एकदाच इतके काढावे लागले. अकरावा पास झाला. त्याची चार बोटं रुंद कतरण त्यानं आपल्या वहीत चिकटवली आणि खाली रंगांचं माप लिहिलं.

सिनेमा लागला तेव्हा सकाळच्या खेळाला तो सुंदराला घेऊन गेला. घाटावरचं गाणं आलं, पंचवीस साड्या एकदम वळल्या, आणि अंधारात त्यानं सुंदराचं कोपर इतकं जोरात दाबलं की ती ओरडली. "माझा रंग से तो," तो आपल्या अहिराणीत म्हणाला. पुढचा सिनेमा त्याला धड आठवतही नाही. घरात त्या सिनेमाचं खरं नाव कोणी कधी घेतलं नाही. तो मोरपंखीवाला पिक्चर.

दोन वर्षांनी कॅसेट आली. ती बघून शालिग्रामला रडायचं बाकी राहिलं. लाल कुंकू कपाळाबाहेर ओघळलेलं, मोरपंखी साडीचा काठ शेजारणीच्या दंडावर सांडलेला, आणि पडदा दोन्ही बाजूंनी असा छाटलेला की चोवीस बायकांतल्या नऊ गायब. "या नऊ जणींच्या साड्या मी काय उगाच रंगवल्या?" तो विचारी. मग दोन तबकड्यांची व्हीसीडी आली. तिच्यात नायिका वळली की साडीचे चौकोन चौकोन होत, गोधडी झटकल्यासारखे. ती तबकडी त्यानं गच्चीवर कबुतरं हाकलायला दोरीला टांगली. तिच्या लायकीची तीच जागा होती, असं त्याचं मत होतं. दोन हजार आठला डीव्हीडी आली, तिच्यात चोवीसच्या चोवीस जणी परत आल्या, काठ रेखीव झाले, पण रंग बघून मास्टर म्हणाले, "ही साडी धोब्यानं नीळ टाकून पिळलेली दिसते." आणि तीही कपाटात गेली.

इथपर्यंत मास्टरांचं सगळं खरं होतं. माणूस तोंडाचा फाटका, पण नजरेचा पक्का. पुढं जे झालं ते वेगळं.

दोन हजार सतरात योगराजनं मोठा नवा टीव्ही घेतला. मास्टरांनी जुनी डीव्हीडी काढून लावली, बराच वेळ बघितली आणि वहीतली कतरण शेजारी धरून बघायचीही गरज न वाटता जाहीर केलं की डीव्हीडी बिनचूक आहे, खोटारडा होता तो जुना टीव्ही. त्या दिवशी घरात सुकदेव बसला होता. सुकदेव हा मिलमधला त्यांचा वीस वर्षांचा सोबती. मास्टर माप सांगत आणि सुकदेव रंग तोलून ढवळून देई. अबोल माणूस. तो पडद्याकडं बघून म्हणाला, "मास्टर, मला तर अजून निळसरच वाटते."

"तू डब्यात काठी फिरव," मास्टर म्हणाले. "बघायचं काम माझं."

सुकदेवनं कप खाली ठेवला आणि दुसरा चहा नको म्हणाला.

पुढच्याच वर्षी आकाशी रंगाचा एक मोठा लॉट बिघडला. मिलमध्ये तोवर रंग मोजायचं मशीन आलं होतं. मशीन सांगत होतं, निळा जास्त होतोय. मास्टर म्हणाले, "कमी होतोय, अजून घाला," आणि मशीनवर कापड झाकून ठेवलं. व्यापाऱ्यानं सगळी थानं परत पाठवली. शेठनं केबिनमध्ये दोघांना उभं केलं, तेव्हा मास्टरांनी सुकदेवकडं बोट दाखवलं. "मी सांगितलं बरोबर. यानं तोललं चुकीचं." सुकदेवनं एकदा त्यांच्याकडं बघितलं. संध्याकाळी त्याचा हिशोब करून त्याला घरी पाठवलं. वर्षभरात मास्टरही निवृत्त झाले, मशीनला शिव्या देत. सुकदेव गोडादरा सोडून बमरोलीला राहायला गेला आणि पुन्हा त्यांच्या घरी आला नाही. मास्टर म्हणायचे, "चोराला तोंड कुठलं असणार?"

आता सिनेमाला तीस वर्षं झाली म्हणून पुण्याच्या एका कंपनीनं त्याची ब्लू-रे काढली. मूळ निगेटिव्हवरून, एकेक चित्र धुऊन पुसून, असं वेष्टणावर छापलेलं. योगराजनं ती मागवली, यंत्रही मागवलं. मास्टरांनी धुतलेला सदरा घातला, समोर बसले. दुसरं कडवं आलं. चित्र थांबवलं.

"शेवाळ," मास्टर म्हणाले. "विहिरीतलं शेवाळ नेसवलंय बायकांना."

आठ दिवस घरात दुसरा विषय नव्हता. नवव्या दिवशी त्यांनी वहीतली ती कतरण ब्लेडनं मधोमध कापली, अर्धी पाकिटात घातली आणि कंपनीला पत्र लिहिलं.

"महोदय, तुमच्या कारखान्यात डोळे असलेला एखादा माणूस असल्यास हे पत्र त्याला वाचून दाखवावे. सोबत खऱ्या साडीचा तुकडा पाठवीत आहे. ही साडी मी स्वतः रंगवली आहे. तुमच्या तबकडीत ती पाण्यात महिनाभर कुजल्यासारखी दिसते. सोळा वर्षांपूर्वीच्या डीव्हीडीत ती बरोबर आहे. म्हणजे तुमच्याआधीच्या लोकांना जे फुकटात जमले, ते तुम्हाला एवढी यंत्रे लावून जमले नाही. एकेक चित्र पुसले म्हणता. पुसताना फडके कोणते वापरले?"

खाली सही, मोबाइल नंबर आणि "चौतीस वर्षांचा अनुभव".

तीन आठवड्यांनी फोन आला. दुपारची वेळ, मास्टरांनी सगळ्यांना ऐकू यावं म्हणून स्पीकर चालू केला. सुंदराबाई गहू निवडत होत्या, सून जयश्री जेवायला दुकानातून घरी आलेली.

"काका, मी निशा बोलतेय. तुमच्या सिनेमाच्या रंगांचं काम मी केलं. तुमचं पत्र ऑफिसात सगळ्यांनी वाचलं. दोनदा."

"वाचायलाच पाहिजे," मास्टर म्हणाले.

"तुम्ही पाठवलेला तुकडा मी पडद्याशेजारी ठेवला, दिवसाच्या उजेडासारख्या दिव्याखाली. मशीनवर मोजला पण. जुळला, काका."

"काय जुळला?"

"रंग. हुबेहूब नाही, कॅमेऱ्यातून आल्यावर थोडा फरक पडतोच. पण आमचाच बरोबर निघाला. डीव्हीडी खूपच निळी आहे. खरं सांगू? आम्हाला धाकधूक होती. कॅमेरामन हयात नाहीत, विचारणार कोणाला? तुमच्या तुकड्यानं खात्री पटली. पुढच्या आवृत्तीच्या पुस्तिकेत तुमचं नाव छापलं तर चालेल का?"

मास्टरांनी फोन बंद केला.

मग तोंडाचा पट्टा सुटला. पुणं आंधळं, कंपनी आंधळी, पोरगी काल जन्मलेली, मशीनला काय कळतं, नाव छापायची लालूच दाखवतात. सुंदराबाई सुपातून मान वर न करता म्हणाल्या, "तुम्हीच म्हनात ना तवय, हाई सीडीमा नीय जास्ती पडनी म्हणीसन."

"नीळ जास्त पडली, असं कधी म्हटलं मी?"

"आनी तवयच. सीडी फेकी दिन्ही व्हती कपाटमा."

"तुला काय कळतं रंगातलं!"

जयश्री हात धुऊन दुकानाला निघाली. ती पर्वत पाटियाजवळ ब्लाउजपीसच्या मॅचिंगच्या दुकानात काम करायची. दिवसाला शंभर बायका साडीचा पदर पुढं करून "असाच द्या" म्हणत, आणि ती असाच देई. सासऱ्यांच्या रविवारच्या परीक्षेत तिला कधी कोणी बसवलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी येताना तिनं पिशवीतून तीन निळसर ब्लाउजपीस आणले आणि खिडकीच्या उजेडात ओट्यावर मांडले.

"पप्पा, यातले दोन एकाच थानातले आहेत. कोणते?"

मास्टर हसले. "आता तू माझी परीक्षा घेणार?" त्यांनी बघितलं न बघितलं आणि डावीकडचे दोन उचलले.

जयश्रीनं मान हलवली. किनारीवर लिहिलेले नंबर उलटून दाखवले.

"पुन्हा ठेव."

तिनं जागा बदलून पुन्हा ठेवले. मास्टरांनी या वेळी वेळ घेतला, तुकडे उजेडाकडं तिरके धरले, चुरगाळले, डोळे बारीक केले. चुकले. तिसऱ्यांदा त्यांनी स्वतः मांडले, जयश्रीला पाठ फिरवायला सांगून. दोन निवडले, किनार बघितली, आणि तुकडे तसेच ओट्यावर टाकून खोलीत जाऊन बसले.

जयश्री दारात उभी राहिली. "पप्पा, माझ्या दुकानात तुमच्या वयाच्या बायका येतात. निळ्याला हिरवं म्हणतात. त्यांच्या सुना सांगतात, मोतीबिंदू आहे. आपण एकदा डोळे दाखवून येऊ."

"मला सगळं दिसतं. सुईत दोरा ओवतो मी."

"डागतरले डोया दखाडा," सुंदराबाई बाहेरून म्हणाल्या, "का आते मी इचारू, बायकोना चेहरा तरी दिखस का?"

डॉक्टर अगदी तरुण होता आणि मास्टरांना तो पसंत पडला नाही. पण त्यानं डोळ्यात दिवा पाडून बघितलं आणि साध्या शब्दांत सांगितलं की डोळ्यातलं भिंग गेली आठ-दहा वर्षं हळूहळू पिवळं होत आलंय. अक्षर दिसतं, दोरा दिसतो, पण निळा रंग ते भिंग गिळून टाकतं. "पिवळी काच लावून फिरल्यासारखं. इतकं सावकाश होतं की माणसाला कळत नाही. तुमचं काम काय होतं?"

मास्टरांनी काम सांगितलं नाही. जयश्रीनं सांगितलं. डॉक्टर म्हणाला, "मग तुम्हाला कोणी बोललं कसं नाही?"

उजव्या डोळ्याचं ऑपरेशन आधी झालं. पट्टी काढली तेव्हा समोरची भिंत पांढरी होती. आदल्या दिवशी ती मास्टरांच्या लेखी सायीच्या रंगाची होती, आणि असला कळकट रंग दवाखान्याला देणाऱ्यालाही त्यांनी मनातल्या मनात एक शिवी घातली होती. त्यांनी उजवा डोळा झाकला: साय. डावा झाकला: पांढरं. नर्सच्या ओढणीकडं बघून तेच केलं. ती रागावून निघून गेली.

घरी आल्यावर आठ दिवस त्यांनी टीव्ही लावला नाही. नवव्या दिवशी घरात कोणी नसताना तिन्ही यंत्रं काढली. वहीतली अर्धी कतरण मांडीवर घेतली. आधी डीव्हीडी, डावा डोळा झाकून. पंचवीस बायका निळीच्या हौदातून बाहेर आल्यासारख्या वळल्या. इतकी ढळढळीत निळी की गल्लीतल्या कोणीही सांगावं. मग ब्लू-रे. साडी कतरणीच्या जवळ आली, थांबली. उगाच कुठं आगाऊपणा नाही. त्या पोरीचं काम चोख होतं. त्यांनी डोळा बदलून बघितलं: शेवाळ. पुन्हा बदलून बघितलं: मोरपंखी.

सात वर्षं रविवारी घरी आलेल्या एकेका माणसाचं तोंड त्यांना आठवलं. बटणं शिवून घ्या म्हटलं तो वाल्मिक टेलर. निळी म्हणाला होता. डीव्हीडीवर त्याला निळीच दिसली असणार.

मग त्यांनी वहीची पानं मागं उलटली, आकाशी लॉटच्या पानापर्यंत. निळ्याचं माप त्यांच्याच अक्षरात, दोनदा खोडून दोनदा वाढवलेलं. त्यांना शेठच्या केबिनमधलं आपलं बोट आठवलं. ज्यांना आयुष्यभर हसले, त्या चार-चार नमुने काढणाऱ्या मास्टरांतल्या कोणी असला लॉट बाहेर जाऊ दिला नसता. "शालिग्राम," ते स्वतःला मोठ्यानं म्हणाले, "तू कांदे विकायला पाहिजे होतेस."

पुढच्या रविवारी सकाळी वही घेऊन ते बमरोलीला गेले. सुकदेवची खोली शोधायला तासभर लागला. सुकदेव दारात बसून दाढी करत होता. त्यानं आरशातूनच त्यांना बघितलं आणि दाढी पुरी केली.

"बोला मास्टर."

मास्टरांनी वाटेत बरंच काही जुळवलं होतं. ते बाजूलाच राहिलं. त्यांनी वही उघडून पुढं धरली. "तो आकाशी लॉट. तू बरोबर तोललं होतंस. माझ्या डोळ्यात मोतीबिंदू होता."

सुकदेवनं वही हातात घेतली नाही. तोंड पुसलं. "मला माहीत होतं."

"माहीत होतं?"

"तुम्हाला निळा दिसत नाही, हे सगळ्या कलर रूमला माहीत होतं. दोन वर्षं आम्ही तुमच्या मापातला निळा गुपचूप कमी करून घालत होतो. म्हणून लॉट पास व्हायचे. त्या दिवशी तुम्ही स्वतः डब्याशी येऊन उभे राहिलात."

मास्टरांनी वही मिटून बगलेत धरली. सुकदेवनं स्टूल पायानं पुढं सरकवलं.

"मग बोलला का नाहीस? मला, शेठला?"

"तुम्हाला?" सुकदेव पहिल्यांदा हसला, आणि ते हसणं काही चांगलं नव्हतं. "तुमच्या घरी बसून एकदा बोललो होतो, निळसर दिसते म्हणून. काय म्हणालात? काठी फिरव. आणि शेठनं कोणाचं ऐकलं असतं, मास्टरचं की काठीवाल्याचं? नंतरच्या मिलमध्ये मी सांगितलं, हो, माझ्याच हातून चुकलं. चुकलो म्हणणाऱ्याला ठेवतात. मास्टर चुकला म्हणणाऱ्याला कोण ठेवणार?"

मास्टर म्हणाले, "चल. शेठकडं जाऊ. मी सांगतो."

"आता?"

"उद्या."

सोमवारी दोघं गेले, वेगवेगळ्या रिक्षांनी. शेठनं सगळं ऐकून घेतलं, गुजरातीत "हवे जवा दो ने, मास्टर", जाऊ द्या आता, असं म्हणाला आणि चहा मागवला. त्याला तो लॉट धड आठवतही नव्हता. मास्टर मात्र उभे राहिले आणि त्यांनी तेच पुन्हा सांगितलं, या वेळी दार उघडं ठेवून, बाहेरच्या कलर रूममधल्या लोकांना ऐकू जाईल अशा आवाजात. "सुकदेवची चूक नव्हती. माझी होती. मी खोटं बोललो." डबे हलवणारे दोन-तीन जण थांबून बघत राहिले. जुनं कोणीच नव्हतं त्यांच्यात. सुकदेव भिंतीला टेकून उभा होता, चहा न घेता.

फाटकाबाहेर आल्यावर त्यानं विचारलं, "दुसरा डोळा कधी?"

"पुढच्या महिन्यात."

"करून घ्या," सुकदेव म्हणाला, आणि रिक्षाला हात केला.

डावा डोळाही झाला. मास्टरांनी निशाला दुसरं पत्र लिहिलं, चार ओळींचं: नाव छापू नये, छापायचंच असेल तर रंग तोलणारा म्हणून सुकदेवचं छापावं, साड्या त्याच्या हातून निघाल्या होत्या. सुकदेव मिलमध्ये लागला तो शहाण्णव साली, साड्यांनंतर दोन वर्षांनी. हे लक्षात आल्यावर मास्टरांनी तिसरं पत्र पाठवून दुसरं रद्द केलं. जयश्री म्हणाली, "पप्पा, माफी मागायची तर त्याच्याकडं मागा, पुस्तिकेत कशाला?"

माफी ते मागून आलेत. सुकदेव अजून घरी आलेला नाही. रविवारी दुपारी टीव्ही लागतो, पण क्रिकेटला, आणि वाल्मिक टेलर आला की मास्टर त्याला भजी आधी वाढतात. वाल्मिकला या मानाचं कारण कळलेलं नाही, आणि मास्टरांची अजून सांगायची तयारी नाही.